मंडईचे पाहुणे आणि शिंगाड्याचं स्टार्टर

दिवाळी झाली, मंडया सुरू झाल्या, घरात पाहुणे मावेनात. दरवर्षी कढईसमोर आई-काकूंनीच का उभं राहायचं? यंदा पहिला राऊंड तुमच्याकडे घ्या. गोड, खारट आणि कुरकुरीत! बेकन खाणाऱ्यांसाठी आणि न खाणाऱ्यांसाठीही.

भाऊबीज आटोपली, की आपल्या झाडीपट्टीत खरी धमाल सुरू होते. आज या गावची मंडई, उद्या पलीकडच्या गावची. गोंदिया असो की अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी असो की आमगाव, देवरी. धान कापणीला आलेलं असतं आणि घरोघरी पाहुणे येतात. आत्या येते, मामा-मामी येतात, नवीन जावई येतात, नागपूरला शिकणारी भावंडं विदर्भ एक्स्प्रेसनं उतरतात. दिवसा मंडई फिरायची, संध्याकाळी गप्पा, आणि रात्री दहाच्या सुमारास नाटक. पडदा उघडला की थेट पहाट.

पण एक गोष्ट नीट आठवून पाहा. नाटकाला घरातून सगळ्यात शेवटी कोण निघतं? पुरुष मंडळी आधीच पुढच्या रांगेत जाऊन बसलेली असतात. पोरं तर संध्याकाळपासूनच गायब. आणि आई, काकू, वहिनी? दुपारपासून वडे, सुवाऱ्या, भजी, मग रस्सा, मग भात, मग उष्टी भांडी. नाटकाचा पहिला अंक त्यांनी कधी पाहिलाय का, हे एकदा घरी विचारा. उत्तर ऐकून जरा गप्प व्हाल.

म्हणून यंदा एक साधं काम अंगावर घ्या. अख्खा स्वयंपाक नको, तो तुम्हाला झेपणारही नाही. फक्त संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत पाहुण्यांच्या हातात पडणारी पहिली प्लेट तुमची. हॉटेलात ज्याला स्टार्टर म्हणतात, तेच. आणि त्यासाठी लागणारी मुख्य वस्तू नेमकी याच दिवसांत तुमच्या गावच्या तलावात पिकते : शिंगाडा.

शिंगाड्याचा अमेरिकन भाऊ

अमेरिकेत घरगुती पार्ट्यांमध्ये एक पदार्थ फार लाडका आहे. नाव रुमाकी. गेल्या शतकाच्या मध्यात तिथल्या पॉलिनेशियन धाटणीच्या रेस्टॉरंटांमधून तो घराघरांत गेला. करायला सोपा. वॉटर चेस्टनटचा तुकडा आणि कोंबडीची कलेजी घ्यायची, त्याभोवती बेकनची पट्टी गुंडाळायची, टूथपिक टोचायची, सोया सॉस, आलं आणि ब्राऊन शुगरमध्ये मुरवायचं आणि भाजायचं. बाहेरून खारट-गोड चकाकी, आत कुरकुर. पुढे कलेजी अनेकांनी वगळली, बेकन आणि वॉटर चेस्टनट तेवढं राहिलं.

आता यातला वॉटर चेस्टनट म्हणजे काय? इंग्रजीत आपल्या शिंगाड्यालाही वॉटर चेस्टनटच म्हणतात. पण या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. रुमाकीतला चिनी वॉटर चेस्टनट हा चिखलात वाढणाऱ्या गवतासारख्या वनस्पतीचा कंद असतो. आपला शिंगाडा हे पाण्यावर तरंगणाऱ्या वेलाचं फळ. दोन शिंगं, आत पांढरा गर.

हा फरक कढईतही कळतो. चिनी कंद कितीही शिजवला तरी कुरकुरीत राहतो. शिंगाडा जास्त उकडला की पिठूळ होतो, उकडलेल्या रताळ्यासारखा. म्हणून रुमाकीसाठी कोवळा शिंगाडा निवडायचा. साल हिरवी किंवा लालसर, मऊ, आणि नखानं दाबली तर सहज दबणारी. काळा, कडक सालीचा जून शिंगाडा उकडून खायला किंवा पीठ करायला ठेवा. विकणाऱ्या मावशींना सरळ सांगा, ‘कवळे द्या.’ त्या बरोबर निवडून देतील.

आधी तलावाकडे बघा

शिंगाडा शेतात येत नाही, हे शहरातल्या मित्रांना सांगावं लागतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याची रोपं तलावात लावतात आणि दिवाळीच्या आसपास तोडणी सुरू होते. डोंग्यातून किंवा छातीभर पाण्यात उभं राहून, वेल उलटा करून एकेक फळ तोडायचं. शिंगं बोटांना टोचतात. थंडी वाढत जाते तसं पाणीही गार होत जातं. आपल्याकडे हे काम पिढ्यान् पिढ्या ढिवर समाज करत आला आहे.

आणि तलाव? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हजारो जुने तलाव आहेत. सरकारी कागदांत त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. त्यांतले अनेक कोहळी समाजातल्या लोकांनी बांधले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगितलं जातं. धानाला पाणी, मासे, कमळकांदे, शिंगाडे आणि हिवाळ्यात पाहुणे पक्षी, हे सगळं या तलावांनी दिलं.

आज त्यांतल्या अनेक तलावांत गाळ साचलाय आणि काठावरून बेशरम आत शिरलीय. बेशरम वाढली की मासे आणि शिंगाडे दोन्ही आटतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजातल्या बायकांनी स्वतः पाण्यात उतरून ही बेशरम उपटली आणि माशांना लागणाऱ्या स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यामुळे रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करण्याआधी एवढं आठवा. ऑनलाइन मागवलेल्या बेकनच्या पाकिटावर कोणी घासाघीस करत नाही.

बेकन म्हणजे नेमकं काय?

डुकराच्या पोटाकडचं मांस मीठ, थोडी साखर आणि नायट्राइट लावून काही दिवस मुरवतात. मग बहुतेक वेळा त्याला धूर देतात आणि पातळ पट्ट्या कापतात. ते बेकन. फ्रिज नव्हते तेव्हा मांस टिकवण्याची ही युक्ती होती. आपण मासे खारवून वाळवतो, तोच विचार.

बेकनमध्ये तीन गोष्टी एकत्र येतात : मीठ, चरबी आणि धूर. त्यात गोडाची भर पडली की जीभ वेडी का होते, याला कारण आहे. मीठ कडवटपणा दाबतं, त्यामुळे गोड चव उठून येते. गोड खारटपणाची धार कमी करतं. चरबी चव जिभेवर जास्त वेळ टिकवते. आणि भाजताना प्रथिनं आणि साखर यांच्यात जी प्रक्रिया होऊन खरपूस तपकिरी रंग आणि वास येतो, ती मेलार्ड रिअॅक्शन. लुई कामिय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. सायन्सवाल्यांनो, घरी हे सांगून भाव खायला हरकत नाही.

तसं गोड-खारट आपल्याला नवीन कुठंय? चिवड्यात चिमूटभर साखर असतेच. गूळ-फल्ली आपण खातोच. फक्त आपण त्याला ‘फ्लेवर प्रोफाइल’ म्हणत नाही.

बेकन गोंदियाच्या नेहमीच्या किराणा दुकानात सापडण्याची आशा कमीच. नागपूरच्या मोठ्या दुकानांत फ्रोझन विभागात मिळू शकतं. नागपूर ते गोंदिया रेल्वेनं साधारण १३० किलोमीटर. कुणी भावंड येणार असेल तर त्याला आणायला सांगा, पण थर्माकोलच्या डब्यात, बर्फासोबत. घरी आल्यावर लगेच फ्रीझरमध्ये. करायच्या आदल्या रात्री खालच्या फ्रिजमध्ये काढून ठेवा. बाहेर ओट्यावर ठेवून वितळवू नका.

एक प्रश्न आधीच विचारा

आता महत्त्वाचं. बेकन म्हणजे डुकराचं मांस. आपल्या जिल्ह्यात काही घरांत ते चालतं, बऱ्याच घरांत चालत नाही. कुणाला धर्मानं वर्ज्य आहे, कुणाला मनानं. शिवाय मंडईचे दिवस म्हणजे कार्तिक महिना. काकडा चालू असतो, कुणी आजोबा माळकरी असतात, कुणी महिनाभर मांसाहार सोडलेला असतो.

म्हणून तीन नियम. त्यांत सूट नाही.

पहिला, घरात आधी विचारा. ‘आई, बेकन आणू का? अंगणातल्या चुलीवर करीन, भांडी वेगळी ठेवीन.’ नाही म्हणाली तर नाही. मोठी माय ‘आपल्या घरी हे येत नाही’ म्हणाली, तर तिच्याशी वाद घालून मंडईचा मूड घालवू नका. खाली चिकनचा आणि शाकाहारी पर्याय दिलाय, चवीला दोन्ही कमी नाहीत.

दुसरा, कढई, चिमटा, प्लेट आणि तेल वेगळं. बेकन तळलेल्या तव्यावर पनीर परतलं तर ते शाकाहारी राहत नाही.

तिसरा, आणि हा सगळ्यात मोठा : प्लेटवर नाव लिहा. वहीचं पान फाडा, मोठ्या अक्षरात ‘डुकराचं मांस – बेकन’, ‘चिकन’, ‘शाकाहारी’ असं लिहा आणि प्लेटसमोर उभं करा. तीनही प्लेट शक्यतो वेगवेगळ्या टेबलांवर ठेवा. ‘आधी खाऊन तर बघ, मग सांगतो काय होतं,’ ही गंमत चुकूनही करू नका. एखाद्या पाहुण्याचा तुमच्या घरच्या ताटावरचा विश्वास एकदा गेला, की तो पुढच्या दहा मंडयांत परत येत नाही. मित्रांना बोलावलं असेल, तर त्यांच्या बाबतीतही हेच.

रेसिपी १ : शिंगाडा-बेकन रुमाकी (२४ पीस)

साहित्य : कोवळे शिंगाडे २४, बेकनच्या पातळ पट्ट्या १२ (साधारण पाव किलो), सोया सॉस ३ मोठे चमचे, किसलेला गूळ ३ मोठे चमचे, किसलेलं आलं १ लहान चमचा, लाल तिखट अर्धा लहान चमचा, अर्ध्या लिंबाचा रस, टूथपिक २४. मीठ अजिबात नाही. सोया सॉस आणि बेकन दोन्हीत ते भरपूर असतं.

१. शिंगाडे खळखळ धुवा. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, काढा, गार करा. मग चाकूनं सोला आणि सोललेले लगेच गार पाण्यात टाका, नाहीतर काळपट पडतात.

२. सोया सॉस, गूळ, आलं आणि तिखट मंद आचेवर एकत्र करा. गूळ विरघळला की गॅस बंद. गार झाल्यावर लिंबू पिळा. यातलं निम्मं मिश्रण वाटीत बाजूला ठेवा.

३. उरलेल्या निम्म्या मिश्रणात शिंगाडे तासभर मुरू द्या. टूथपिक तेवढा वेळ पाण्यात भिजवून ठेवा, म्हणजे भाजताना करपत नाहीत.

४. बेकनची प्रत्येक पट्टी मधोमध कापा. एका अर्ध्या पट्टीत एक शिंगाडा गुंडाळा आणि जिथं पट्टीचं टोक संपतं तिथं टूथपिक आरपार टोचा. सैल गुंडाळलं तर तव्यावर सुटतं.

५. जाड बुडाचा तवा गार असतानाच त्यावर पीस मांडा आणि मग मंद आच लावा. तवा आधीच तापवला तर बेकन बाहेरून करपतं आणि आत चरबी तशीच राहते. सावकाश तापलं की चरबी सुटते आणि त्याच चरबीत ते कुरकुरीत होतं. वेगळं तेल घालायची गरज नाही.

६. दर तीन-चार मिनिटांनी बाजू बदला. साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. सुटलेली जास्तीची चरबी चमच्यानं काढत राहा. ओव्हन असेल तर २०० अंशांवर २५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून.

७. शेवटच्या दोन मिनिटांत वाटीतलं बाजूला ठेवलेलं मिश्रण ब्रशनं किंवा चमच्यानं वरून लावा. चकाकी आली की उतरवा.

गूळ शेवटी का? कारण तो साखरेपेक्षा लवकर करपतो. सुरुवातीलाच लावला तर बेकन शिजेपर्यंत गूळ कोळसा झालेला असतो.

रेसिपी २ : खजूर-बेकन (घाई असेल तेव्हा)

इंग्लंडमध्ये सुकवलेल्या प्लमभोवती बेकन गुंडाळून भाजतात. त्या पदार्थाचं गमतीशीर नाव ‘डेव्हिल्स ऑन हॉर्सबॅक’, म्हणजे घोड्यावरची भुतं! आपण प्लमच्या जागी खजूर घेऊ. बी काढा, आत एक भाजलेला काजू किंवा चार फल्लीदाणे भरा, अर्ध्या पट्टीत गुंडाळा आणि वरच्याच पद्धतीनं तव्यावर भाजा. खजूर गोडच असल्यानं गूळ नको. वरून जाडसर कुटलेली मिरी. बस.

बेकन उरलं तर पट्ट्या नुसत्याच तव्यावर अर्धवट भाजा, चरबी काढून टाका, वरून गुळाचं पाणी आणि मिरपूड लावून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवा. गार झाल्यावर चिक्कीसारख्या कडक होतात. तुकडे करून मुरमुऱ्यांवर टाकून पाहा.

रेसिपी ३ : चिकन रुमाकी

बेकन नको, पण मांसाहार चालतो? मग चिकन. बोनलेस लेगपीस घ्या, ब्रेस्ट नको, ते कोरडं पडतं. बोटभर रुंद, पातळ पट्ट्या कापा. वरच्याच सोया-गुळाच्या मिश्रणात थोडा लसूण घालून तासभर मुरवा. शिंगाड्याभोवती गुंडाळा, टूथपिक लावा. चिकनला स्वतःची चरबी कमी, म्हणून तव्यावर दोन चमचे तेल घाला. झाकण ठेवून दहा मिनिटं, मग झाकण काढून खरपूस होईपर्यंत. एक पीस कापून पाहा, आत गुलाबी दिसला तर अजून वेळ द्या. कच्चं चिकन ज्या मिश्रणात मुरवलं, ते पुन्हा वरून लावायचं नाही. त्यासाठी आधीच वेगळं काढून ठेवा.

रेसिपी ४ : धुंगारी शिंगाडा-पनीर

बेकनमधल्या तीन गोष्टी आठवतात? मीठ, चरबी, धूर. त्या शाकाहारी प्लेटमध्येही आणता येतात. मीठ सोया सॉस देतो. चरबी पनीर आणि तूप देतं. धूर आपला निखारा देतो. आणि कुरकुरीतपणासाठी धानाच्या जिल्ह्यात तांदळाच्या पिठीसारखं दुसरं काय!

शिंगाडे वरच्यासारखेच उकळत्या पाण्यातून काढून सोला. त्याच आकाराचे पनीरचे तुकडे करा. दोन्ही सोया-गुळाच्या मिश्रणात अर्धा तास ठेवा. बाहेर काढून तांदळाच्या पिठीत घोळवा आणि थोड्या तेलात खरपूस परता. पिठी चिकटत नसेल तर मिश्रणाचे दोन थेंब जास्त शिंपडा. मग एका पातेल्यात सगळं घ्या, मधोमध छोटी स्टीलची वाटी ठेवा. वाटीत लाल झालेला निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप. धूर निघाला की लगेच झाकण. तीन-चार मिनिटं पुरे, जास्त ठेवलं तर कडवट लागतं. टूथपिकला एक शिंगाडा, एक पनीर, आणि वरून बारीक चिरलेला सांबार.

(पुण्या-मुंबईची पाहुणी भावंडं आली असतील तर त्यांना सांगा, सांबार म्हणजे कोथिंबीर. नाहीतर ते इडली शोधत बसतील.)

घरात मोहफुलं असतील तर आणखी एक प्रयोग करा. सुकी मोहफुलं निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, थोड्या पाण्यात उकळा आणि गाळून आटवा. गुळाच्या जागी हा घट्ट रस वापरा. त्याचा स्वाद वेगळाच, जरा फळासारखा. मोह म्हटलं की लोकांना फक्त दारू आठवते. या प्लेटनं तो गैरसमजही थोडा कमी होईल.

आणि कुणाचा उपवास असेल तर? त्यांच्यासाठी साधा उकडलेला शिंगाडा, सैंधव आणि लिंबू. सोया सॉस उपवासाला चालत नाही, ते त्यांच्या वाटीत घालू नका.

पोटाची काळजी : चार गोष्टी

• शिंगाडा दातांनी सोलू नका. तलावातल्या पाणवनस्पतींच्या सालीवर आतड्यातल्या एका चपट्या कृमीच्या अळ्या चिकटलेल्या असू शकतात. दातांनी सोलताना त्या थेट पोटात जातात. उकळत्या पाण्यातून काढला की हा धोका उरत नाही. मंडईत फिरताना कच्चा शिंगाडा दातानं फोडायची सवय सगळ्यांनाच आहे, ती सोडा.

• बेकन पूर्ण शिजवा. नायट्राइटमुळे ते शिजल्यावरही गुलाबीच दिसतं, म्हणून रंगावर जाऊ नका. चरबी पारदर्शक होऊन कडा कुरकुरीत व्हायला हव्यात. कुठलंही डुकराचं मांस अर्धं कच्चं खाऊ नये. त्यातून पट्टकृमीची लागण होऊ शकते.

• बेकन हा रोजचा खाऊ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांनी म्हटलंय. वर्षातून एका मंडईला दोन-तीन पीस वेगळे आणि रोज सकाळी ब्रेडसोबत वेगळं. घरात कुणाला बीपी असेल तर मिठामुळे त्यांनी एखाद्यावरच थांबावं.

• टूथपिक मोजून ठेवा. लहान मुलांच्या प्लेटमध्ये देताना काढून द्या.

मंडईच्या दिवशी कधी काय?

आदला दिवस : शिंगाडे आणा. थोडे जास्तच आणा, काही आत किडके निघतात. बेकन फ्रीझरमधून खाली काढा.

सकाळी ११ : शिंगाडे उकळा आणि सोलायला बसा. हे काम एकट्याचं नाही. आत्ये-मामे भावंडांना गोल करून बसवा, मोबाइलवर गाणी लावा. तासाभरात फडशा पडतो. हात धुवायला साबण जवळ ठेवा.

दुपारी ३ : मिश्रण तयार करा, मुरत ठेवा.

दुपारी ४ : गुंडाळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. शाकाहारी आधी, चिकन मग, बेकन शेवटी. प्रत्येक वेळी पाट, चाकू आणि हात धुवायचे.

संध्याकाळी ६ : तवे चढवा. शाकाहारी प्लेट आधी बाहेर जाऊ द्या.

रात्री ८ : जे उरलं ते दोन तासांत संपवा, नाहीतर फ्रिजमध्ये. रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी खायचं नाही.

हिशोब सोपा आहे. पुढे जेवण असेल तर माणशी तीन पीस पुरतात. तीस पाहुणे म्हणजे नव्वद पीस. त्यांत बेकन खाणारे आठ-दहाच निघतील, म्हणजे वरच्या २४ पीसमध्ये त्यांचं भागतं. उरलेले ६५-७० पीस चिकन आणि पनीरचे. बेकन महाग, त्यामुळे हे गणित खिशालाही बरं.

आणि भांडी?

इथंच खरी परीक्षा आहे. मुलानं किंवा मुलीनं एक दिवस भारी पदार्थ केला, स्टेटसला टाकला, चारशे व्ह्यूज मिळाले. आणि चिकट तवा, गुळाचं पातेलं, तेलकट चिमटे आईनं घासले. असं झालं तर तुम्ही तिचं काम कमी केलं की वाढवलं?

स्टार्टर तुमचं, म्हणजे बाजारातून शिंगाडा आणण्यापासून तवा घासून जागेवर ठेवण्यापर्यंत सगळं तुमचं. बेकनची चरबी सिंकमध्ये ओतू नका, गार झाली की घट्ट होऊन नळी तुंबते. कागदानं पुसून कचऱ्यात टाका, मग गरम पाण्यानं तवा धुवा. गुळाच्या पातेल्यात पाणी घालून उकळी आणा, सगळं आपोआप सुटतं. तेवढ्यात मोठ्या ताईला किंवा दादाला जेवणाची ताटं घ्यायला लावा. आणि हो, हे मुलींनाच सांगितलंय असं समजू नका. टूथपिक टोचायला कुठलं वेगळं शिक्षण लागत नाही, दादांनो!

हे सगळं साडेनऊपर्यंत आटोपतं. नाटकाची घंटा व्हायला अजून वेळ असतो. आईला म्हणा, ‘तू नऊवारी नेस, मी चटई घेऊन पुढं जातो, जागा धरतो.’ पुढच्या रांगेत. पहिल्या अंकाच्या आधी.